बोट काळी चारवर

सूर देवाने गाण्यासाठी दिले; पट्टी दिली ती मात्र गाणाऱ्याची ऐट जोखण्यासाठी! तात्याबा पेटीवाल्याला हे हळदीच्या राशीवर बसूनच उमगले होते. सांगलीच्या पेठेत दिवसभर हळकुंडे निवडून त्याची बोटे इतकी पिवळी झाली होती, की कीर्तनात तो पेटीचा कोणता सूर धरतो, हे मारुतीच्या देवळातल्या शेवटच्या खांबापासूनही दिसे.

आणि कीर्तनकार नानासोबुवा तेच पाहत. ऐकण्याआधी पाहत! पिवळे बोट चौथ्या काळ्या सुरावर पडले, की बुवा प्रसन्न. "काळी चार! तिच्या खाली भक्ती न्हाई, तात्याबा, नुसती कुजबूज हाय!"

साठी उलटली, तरी बुवा त्या उंच पट्टीवरून उतरेनात. त्रेचाळीस सालच्या रामनवमीला रामजन्माचा पाळणा त्यांनी असा ताणला, की 'जो जो' म्हणतानाच आवाज फाटला, आयांच्या मांड्यांवर निजलेली सात लेकरे एकदम किंचाळली, आणि बायकांतली फटकळ बयाबाई भर सभेत म्हणाली, "आवं बुवा, राम जन्मला का लंका पेटली?"

देऊळ हसले. पुढच्या वर्षाच्या आमंत्रणाचा नारळ तिथल्या तिथे बुवांच्या उपरण्यात घालायची गावाची रीत. पंच हंबीरराव नारळ घेऊन बराच वेळ घुटमळले. "ह्यो घ्या. पर पुढच्या साली आसंच झालं, तर नारळ दुसऱ्या बुवाला." तीस वर्षांची सेवा एका पाळण्यावर येऊन टांगली गेली!

बुवांना 'खाली उतरा' म्हणणे म्हणजे गरुडाला पायी चालायला सांगणे. तात्याबा गुपचूप मिरजेच्या पेटी बनवणाऱ्या कारागिराकडे गेला आणि पेटीतले पितळी सूर हलवून आला. आता बोट काळी चारवर, आवाज काळी दोनचा! मृदंगी जोतिबा कटात सामील. त्याने मृदंगाच्या तोंडावर कणीक जरा सढळ थापून त्याचाही सूर खाली आणला.

पुन्हा रामनवमी आली. भर दुपार, पाळण्याची दोरी बायकांच्या हाती. बुवांनी पिवळे बोट पाहिले, मान डोलावली, तोंड उघडले आणि क्षणभर थबकले. जोतिबाने मृदंगात डोके खुपसले. तात्याबाच्या कपाळावर हळदीचा घाम आला.

मग बुवा गाऊ लागले. जो आवाज आजवर शिडी चढताना धापा टाकी, तो आज ओसरीवर ऐसपैस बसला. शब्द कळू लागले. 'जो जो' ही आरोळी उरली नाही. आईचा श्वास झाला. लेकरे निजली ती निजलीच. बयाबाईने पदर डोळ्यांना लावला आणि थट्टा विसरली. काय तो सूर, काय ती शांतता! जणू रामही जागे व्हायचे विसरला.

हंबीररावांनी दोन्ही हातांनी नारळ घातला. "बुवा, काळी चारच न्हवं?"

"डोळं फुटलं का? तात्याबाचं बोट बघितलं न्हाईस?" बुवा कडाडले.

देवळाबाहेर मात्र त्यांनी तात्याबाला पिंपळाआड ओढले. त्याने चपापून पाय धरले. "बुवा, चुकलं माजं..."

"उठ रं! तीस वर्सं वापरलेला गळा, मला वळखू येणार न्हाई व्हय?" बुवांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज अगदी खाली आणला. "पुढच्या साली आनिक म्हातारा हुईन. मिरजंला जाऊन अजून एक सूर उतरवून आण. बोट मातर काळी चारवरच ऱ्हाऊ दे!"