देवघर तेवढं सोडून

डॉक्टरांच्या बायकोने नकाशावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "ही जागा छान साधली आहे."

ते देवघर होतं. पूर्वेला मी एक लहान खिडकी काढली होती. सकाळचं ऊन थेट देवांवर पडेल अशी. डॉक्टरांचं घर धंतोलीत बांधायचं होतं. साहेब, म्हणजे आमचे आर्किटेक्ट, खूश झाले. माझ्याकडे हात करून म्हणाले, हिनेच काढलंय, हुशार मुलगी आहे.

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. कुठे राहतेस, विचारलं. मी इंदोरा म्हणाले. नागपुरात इंदोरा म्हटलं की जात वेगळी सांगावी लागत नाही.

बोट उचललं गेलं. पदराला पुसलं गेलं.

"बाकी घर ठीक आहे," माझ्याकडे न बघता त्या साहेबांना म्हणाल्या. "देवघर तेवढं दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या."

साहेब हसले. हो, हो म्हणाले. त्या गेल्यावर त्यांनी माझ्यासमोर ब्लेड ठेवलं. ट्रेसिंगच्या कागदावरची शाई रबराने जात नाही, ब्लेडने खरडावी लागते. माझं देवघर खिडकीसकट मी माझ्याच हाताने खरडलं. मग शेजारच्या बोर्डावरच्या काळेंनी तिथेच देवघर काढलं. तेवढ्याच मापाचं. खिडकीसुद्धा तीच.

साहेब वाईट नाहीत, असं मी स्वतःला सांगायची. आयटीआय शिकलेल्या, गिरणीमजुराच्या पोरीला अशा ऑफिसात टेबल कोण देतं? त्यांनी दिलं. आणि दिलंय हे मला विसरू दिलं नाही. त्या दिवसानंतर त्यांनी नियमच केला. "यापुढे देवघर तेवढं सोडून काढत जा. उगाच कटकट नको."

मी सोडत गेले. स्वयंपाकघर मी काढायची, न्हाणीघर मी काढायची, संडास मी काढायची. एक चौकोन कोरा.

घरी आईला सांगितलं. ती भाकर थापत होती. "त्यायच्या देवाचं आपल्याले काय करा लागते वं? तू तुही नोकरी पाह्य," म्हणाली.

तिचंही खरं होतं. आमच्या घरात देव नव्हतेच. बौद्ध झालो तेव्हा बापाने सगळे देव गाठोड्यात बांधून नाग नदीत सोडले होते. बापाची गिरणी कधी चालू, कधी बंद. चूल माझ्या पगारावर. मला देव नको होता. मग छातीत काय सलतंय, तेच समजेना.

हळूहळू हात बिघडला. सरळ रेघ मध्येच वाकायची. शाईचा थेंब पडायचा, कागद वाया जायचा. साहेब मागे येऊन उभे राहिले की जिना कुठून सुरू करायचा तेही सुचत नसे. ते म्हणायचे, तुझी रेघ पहिल्यासारखी राहिली नाही, लक्ष कुठे असतं? मला ते पटायला लागलं. वाटायचं, आपल्याला येतच नव्हतं. दया म्हणून ठेवलंय. कधीतरी उघडं पडणारच. 

एकदा साहेबांनी मला डॉक्टरांच्या बांधकामावर मापं तपासायला पाठवलं. भिंती छातीएवढ्या वर आल्या होत्या. रेजा, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बाया, विटा वाहत होत्या. त्यात आमच्या गल्लीतली सुभद्रामावशी होती. डोक्यावर विटांची चळत, पाय गाऱ्याने भरलेले. नेमकी त्या चौकोनाच्या मध्यात उभी.

"हे कायची खोली होय वं?" तिने मला विचारलं.

देवघर, मी म्हटलं.

तिने खिडकीच्या जागेतून बाहेर बघितलं. चांगला उजेड येतो म्हणाली. मी विचारलं, मावशी, इथं उभं राहायला तुला कोणी अडवलं नाही?

"काहून अडवतीन? मंग ईटा कोन वाहीन, डाक्टरीन?"

ती विटा उतरवून गेली. मी टेप हातात धरून तिथेच उभी. आमची वीट चालते. आमचा घाम चालतो. गाऱ्यातले पाय चालतात, उद्या तिथं फरशी बसली की ते चालणार नाहीत. पण आमच्यापैकी कोणी डोकं चालवून ठरवलं, ऊन इथून येऊ दे, तर ते विटाळतं. माझी रेघ वाईट म्हणून खरडली नव्हती. चांगली होती. म्हणून तर त्यांनी ती तशीच ठेवली, फक्त हात बदलला.

पुढचं काम कोराडीच्या एका इंजिनिअरच्या बंगल्याचं होतं. मी नकाशा पूर्ण काढला. देवघरासकट. साहेबांनी बघितला आणि ब्लेड माझ्याकडे सरकवलं. ऑफिसात मी तोलूनमापून बोलायची, घरचं 'मले', 'तुले' टाळून 'मला', 'तुला' म्हणायची. त्या दिवशी तोंडातून घरची बोली आली.

"मी नाही खरडत. घर काढीन तं पूर्न काढीन."

साहेब शांतपणे म्हणाले, "हे टेबल कोणी दिलं, विसरलीस?"

"टेबल तुमचं हाय. हात माहा हाय."

काळेंनी मान वर केली नाही. साहेब म्हणाले, संध्याकाळी हिशोब घेऊन जा. मी संध्याकाळपर्यंत थांबले नाही. माझी कंपासपेटी घेऊन खाली उतरले.  रस्त्यावर येऊन नालीकाठी ओकले. शूर वगैरे काही वाटलं नाही.

आई कितीतरी दिवस धड बोलली नाही. बाप फक्त म्हणाला, ठीक केलं. तेवढ्या शब्दांनी पोट भरलं नाही. दुसऱ्या ऑफिसांत माझी कीर्ती आधीच पोचली होती, भांडखोर आहे. फार वणवण झाल्यावर हिंगण्याच्या एका कारखान्यात शेडचे नकाशे काढायचं काम लागलं.

भीती गेली नाही. अजूनही कोणी मागे येऊन उभं राहिलं की मान आखडते. राहो. तिच्यासकट रेघ ओढते. पण मी काय काढायचं आणि काय नाही, हे माझी वस्ती विचारून ठरवणाऱ्याकडे मी काम करणार नाही. चूल विझली तरी नाही. हे मी आईलाही सांगून ठेवलंय.