मशीनसाठी दिलेली शिफारस

माझ्या थोरल्या भावाला सोयाबीनची गंजी उचलताना पायाला घोणस चावली, तेव्हा आम्ही त्याला घेऊन आधी भलत्याच दवाखान्यात गेलो. तिथे सापाचं इंजेक्शन संपलेलं होतं. दुसरीकडे पोचेपर्यंत पाय काळानिळा पडला. भाऊ वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आजही कुणी ‘नशीब म्हणायचं’ असं म्हटलं की मला राग येतो. त्यात नशिबाचं काही नव्हतं. कुठे जायचं हे आम्हाला माहीत नव्हतं, एवढंच.

म्हणून मी वेबसाइट काढली. मी शाळेत विज्ञान शिकवते, कॉम्प्युटरचं मला जेमतेम कळतं. एकच पान होतं: साप चावला तर काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, आणि जिल्ह्यातल्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आज इंजेक्शन आहे. ही शेवटची माहिती जमवायचं काम भावाचं. रोज सकाळी चहा झाला की तो बाजेवर बसून एकेका दवाखान्याला फोन लावायचा. "सायब, साखऱ्याहून बोलून राहिलो. इंजेक्शन हाय का न्हाई, तेवढं सांगा." पलीकडचा वैतागला तरी उत्तर मिळाल्याशिवाय हा फोन ठेवायचा नाही. पानाच्या तळाशी त्याचाच फोटो आणि नंबर होता. मोबाइलवर साप चावल्याचं काहीही शोधलं की आपल्या जिल्ह्यात आमचं पान पहिलं दिसायचं, आणि भावाला त्याचा कोण अभिमान!

मग एका कंपनीतून फोन आला. माणूस हिंदीत बोलणारा, आवाज मधाळ. सापाच्या विषावर कसलेसे थेंब विकणारी त्यांची साइट होती. पैसे घेऊन आमच्या पानात एक ओळ टाकायची, त्या ओळीवर बोट ठेवलं की त्यांचं पान उघडणार. मी विचारलं, थेंबांनी विष उतरतं का? तो हसला. "मॅडम, वो लाइन कोई पढ़ता नहीं है. वो तो मशीन के लिए होती है." मग त्याने मला शिकवलंही. एका पानाने दुसऱ्या पानाचा पत्ता दिला की शोधणारं मशीन ती शिफारस धरतं. शिफारशी जितक्या जास्त, तितकं ते पान वर. मी फोन बंद केला.

भावाला सांगितलं. तो म्हणाला, "सोयरिकीच्या टायमाला लोक मला इचारायला येतेत, पोरगं कसं हाय म्हनून. घर पाहिल्याबिगर मी व्हय म्हनत न्हाई. आन् हे तर जहरावरचं औषध!" त्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. माझ्याही.

पण कंपनीला आमच्यावाचून काही अडलं नव्हतं. सुगीच्या तोंडावर मी एकदा शोधून पाहिलं, तर थेंबांचं पान सगळ्यात वर आणि आमचं कुठल्या कुठे खाली. ते वर कसं चढलं हे शोधायला फार अक्कल लागली नाही. एक वधूवर सूचक साइट, एक शिकवणी वर्ग, एका वाचनालयाचं पान, आणि कनेरगाव नाक्यावरून चालणारं बातम्यांचं पोर्टल. चारही पानांवर तीच ओळ, शब्दही न बदलता: ‘सर्पदंशावर खात्रीचा उपाय इथे पाहा.’ खात्रीचा! यांच्यापैकी कुणी कधी साप चावलेला माणूस पाहिला होता?

थेंबांच्या पानावर तर आमचाच मजकूर उचलून चिकटवला होता. त्यात माझ्या भावाचा फोटो, पाय दिसू नये म्हणून कमरेपर्यंत कापलेला. खाली लिहिलं होतं: ‘या थेंबांमुळे शेतकऱ्याचा पाय वाचला.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीला फोन लावले, कुणी उचलेना. जिथे तक्रार करता येते तिथे केली. उत्तर आलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऐन काढणीत, भावाचा फोन वाजला. मी शेजारीच भाजी निवडत होते. पलीकडची बाई इतक्या मोठ्याने बोलत होती की मलाही सगळं ऐकू आलं. "दादा, तुमचा पाय ज्या थेंबानं वाचला ते खरंच लागू पडतेत का? माझ्या पोरीला चावलंय. थेंबवाल्यांना फोन केला तर औषध धाडून राहिलो म्हने, घरीच थांबा म्हने. अजून कोनी आलं न्हाई."

भाऊ तसाच उठला, कृत्रिम पाय न लावता, भिंतीला धरून. "माय, माझा पाय वाचला न्हाई! कापला! कोनाची वाट पाहू नका, गाडी काढा. औंढ्याला सरकारी दवाखान्यात इंजेक्शन हाय, मी सकाळीच इचारलंय." तो हे ओरडून ओरडून सांगत होता.

पोरगी वाचली. उशीर झाल्यामुळे तिने फार भोगलं, पण वाचली. आमचा मजकूर ढापताना त्या लोकांनी तळचा भावाचा नंबर काढायचाही आळस केला होता, म्हणून वाचली. एका लेकराचा जीव चोराच्या आळसावर टांगलेला असावा, हे मला अजूनही सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "चल, नाक्यावर." मी त्याला स्कूटीवर घेऊन गेले. पोर्टलवाल्याची खोली ढाब्याच्या वर होती. माणूस ओळखीचा, शाळेच्या कार्यक्रमांच्या बातम्या आवर्जून लावणारा. त्याने खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला. मी मोबाइलवर ती ओळ दाखवली.

"ते व्हय मॅडम? ते कोन वाचून राहिलंय! ते मशीनसाठी असतंय."

तेच वाक्य. फक्त भाषा आपली. माझा आवाज चढला. म्हटलं, "तुमच्या नावावर मशीनने विश्वास ठेवला आणि मशीनवर त्या बाईने. पोरगी मेली असती!"

"तुमी बराबर बोलता. पन मी न्हाई टाकली तर दुसरा कोनी टाकलच की. मलाच काहून बोलता?"

भावाने पँट वर सरकवली. पट्टे सोडले आणि पाय काढून बुटासकट टेबलावर ठेवला, चहाच्या कपांच्या मधोमध.

"तुमी शिफारस केलेल्या थेंबानं वाचलेला पाय ह्यो. पाहून घ्या."

पोर्टलवाल्याने लॅपटॉप ओढला. ओळ काढून टाकली. काढल्यावर पान आमच्याकडे वळवून दाखवलं. "माफ करा," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता, त्या पायाकडे बघून.

भावाने चहाला हात लावला नाही. पाय पुन्हा गुडघ्याला बांधला, पट्टे ओढून पाहिले आणि उठता उठता मला विचारलं, "बाई, तो वधूवरवाला कुटं बसतो?"