शेरेबुकातली दुसरी सही

माझे वडील जिल्हा परिषदेचे सदस्य होते आणि चौथी पास होते. लोक या दोन गोष्टी एका दमात सांगत आणि हसत. वडीलही हसत. "चौथीतच समजलं बापा सारं, मंग पुढं कशाले जाऊ?" म्हणत. आमचं गाव नागभीडजवळचं, शेती धानाची. सदस्य झाल्यावरही रोवणीच्या दिवसांत त्यांना भेटायचं तर माणसाला बांधीत उतरावं लागे. साहेबलोक पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात यायचे. ते बघायला मला फार आवडायचं.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. तेव्हा नागभीडपासून सिरोंच्यापर्यंत सगळा एकच जिल्हा होता, चंद्रपूर. पण तो फुटणार, वैनगंगेपलीकडे गडचिरोलीचा नवा जिल्हा होणार, अशी बातमी पसरली आणि शिक्षकांची झोप उडाली. जिल्हा फुटेल त्या दिवशी जो जिथं असेल तो कायमचा तिथलाच, असं जो तो सांगत होता. वडील शिक्षण समितीवर होते. नदीपलीकडच्या जंगलातल्या शाळांवरचे गुरुजी बदलीचे अर्ज घेऊन आमच्या अंगणात येऊ लागले.

वडिलांची एक खोड होती. ते अर्ज हातातच घ्यायचे नाहीत. "आधी शाळा दाखव," म्हणायचे. "तू जे सोडून राह्यला ते मले पाहू दे, मंग सही." आणि खरंच जायचे. एसटीनं, मागितलेल्या सायकलीनं, शेवटी पायी. तिथं पोरांच्या रांगेत बसायचे आणि गावाला विचारायचे, हा गुरुजी गेला तर चालेल का? निम्मे गुरुजी हे ऐकूनच अंगणातून काढता पाय घेत.

त्याच अंगणात अर्ज घेऊन मीही उभी राहिले. मी धानोऱ्यापुढच्या जंगलातल्या एका गावी एकशिक्षकी शाळेवर होते. माझी जीभ नवऱ्याच्या घरच्यांना सोसली नाही आणि त्यांचं वागणं मला, म्हणून लेकीला घेऊन मी माहेरी परतले होते. नोकरी लागली तशी लेक आईजवळ ठेवली. सुटीत घरी गेले की ती माझ्या आईच्या पदराआड लपायची आणि विचारायची, "हे बाई कोन हाये?" तीन वर्षांची होती. जिल्हा फुटला आणि मी पलीकडे अडकले, तर ही पोर मला कायमची परकी होणार, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

"शाळा दाखव," वडील म्हणाले.

"मलेही?"

"तुले काऊन नाई?"

मी रागानं जेवण टाकलं. माझ्या वाटणीची भाकर त्यांनी शांतपणे बैलाला घातली.

ते आले ऐन मोहफुलांच्या दिवसांत. त्या दिवसांत पहाटेपासून सगळं गाव मोहाखाली फुलं वेचत असतं, पोरंसुद्धा, म्हणून शाळा मी दुपारी भरवायची. वडील सकाळी येणार हे मला ठाऊक होतं. तरी पोरांना मी मुद्दाम काही सांगितलं नाही. त्यांना रिकामी शाळा दिसावी, इथं बाईची गरजच नाही असं वाटावं, असा माझा डाव होता. आज लिहिताना लाज वाटते, पण होता.

वडील दारात आले आणि म्हणाले, "जय भीम, बाई. हजेरी दाखवता का?"

पोटच्या पोरीला 'बाई' आणि अहोजाहो! मी मुकाट्यानं हजेरीपट पुढं केला. पटावर अठ्ठावीस, समोर कोणी नाही. त्यांनी वर पाहिलं. छपराचे निम्मे कवेलू फुटून गेले होते आणि उन्हाचे कवडसे फळ्यावर पडले होते.

"पावसात कुठी बसता?"

"कोपऱ्यात."

"अन् पोरं?"

"त्याच कोपऱ्यात."

तेवढ्यात माझा डाव फसला. बाईला न्यायला साहेब आला, असं कोणीतरी मोहाखाली जाऊन सांगितलं होतं. पोरं फुलांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन तशीच धावत आली, मागून आयाबाया आणि म्हातारे. टोपल्या दारात उतरवून पोरं रांगेत बसली आणि वडिलांकडे रागानं बघत, कोणी न सांगता पाढे म्हणू लागली. वडील रांगेच्या टोकाला जाऊन बसले आणि त्यांच्याबरोबर म्हणू लागले. तेराच्या पाढ्यात ते चुकले, तेव्हा शेजारच्या मुलीनं त्यांना कोपरानं ढोसलं.

मग त्यांनी गावाला नेहमीचा प्रश्न विचारला. भूमिया, म्हणजे गावचा म्हातारा मुखिया, उठला. साहेब माझा बाप आहे हे त्याला काय, कोणालाच माहीत नव्हतं.

"साहेब, बाईले जाऊ द्या," तो म्हणाला. "तिचं लेकरू तिकडं हाये. सांजेले एकटी बसते, जेवत नाई. आमाले दिसते. वासरू दूर ठेवून गाय पान्हावते का?"

हा म्हातारा माझ्याच बापापुढं हात जोडून माझ्यासाठी रदबदली करत होता आणि सकाळी मी त्याच्या गावाची शाळा रिकामी दाखवायला निघाले होते. मला वर बघवेना.

"तुमच्यासाठी काय करू?" वडिलांनी विचारलं.

"कवेलू टाकून द्या. दुसरी बाई आली तर भिजू नये."

"टाकतो," वडील म्हणाले. शाळेला भेट देणारे शेरा लिहितात त्या शेरेबुकात त्यांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि खाली मोठ्या अक्षरात 'सदस्य, जिल्हा परिषद' असं लिहिलं.

एसटीच्या वाटेवर त्यांनी माझा अर्ज मागितला आणि गुडघ्यावर ठेवून सही केली. "शिफारस केली, बाई. आता देनं न देनं तुमच्या हाती."

"बाबा, आता तं कोणी आयकून नाई राह्यलं! अजून 'बाई' काऊन?"

"गावची सीव संपली नाई," ते म्हणाले. नाला ओलांडला, सीव संपली, तशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, काऊन जेवत नाईस?"

अर्ज चार दिवस पेटीत पडून होता. पाचव्या दिवशी तो तिथंच ठेवून मी घरी गेले, रडणाऱ्या लेकीला उचललं आणि शाळेवर घेऊन आले. मोठं मन वगैरे काही नव्हतं. त्या गावाला पाठ दाखवायची मला हिंमत झाली नाही, एवढंच.

पावसाळ्यात जिल्हा फुटला. आमच्या छपराचा कागद समितीत मंजूर झाला होता, पण तो कोणत्या गठ्ठ्यातून कोणत्या कचेरीत गेला ते कोणी सांगेना. वडील नदीपलीकडचे सदस्य, इकडे त्यांच्या सहीला कवडीची किंमत नव्हती. आम्ही कोपऱ्यात भिजलो. आता लेकही भिजत होती. पुढाऱ्याचा शब्द तो, मी चिडून म्हटलं, बापाचा झाला म्हणून काय!

पुढच्या मोहफुलांत शाळेपुढं कवेलूनं भरलेल्या दोन बैलगाड्या थांबल्या. पुढच्या गाडीतून वडील उतरले. ते कवेलू त्यांनी कुठून आणि कसे आणले, हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. "जय भीम, बाई," ते म्हणाले, आणि तेवढ्यात माझी लेक "आबा!" म्हणून ओरडत त्यांच्या पायांना बिलगली.

भूमिया एकदा माझ्याकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. "मी बापालेच सांगतलं का, पोरीले सोड म्हणून?"

"तवा मी सदस्य होतो," वडील म्हणाले.

"अन् आता?"

"आता इथी माहं काईच चालत नाई."

"मंग हे कवेलू?"

"शब्द देल्ला तवा जिल्हा एकच होता न, भाऊ."

दिवसभर अख्खं गाव छपरावर होतं. वडील स्वतः आढ्याला बसून कवेलू लावत होते. मी खालून बघत होते. मला त्यांची भीती वाटली, देवळात वाटावी तशी. एवढा मोठा माणूस माझ्या घरात राहत होता आणि मी त्याच्यावर रुसून जेवण टाकत होते.

निघताना मी शेरेबुक पुढं केलं. त्यांनी सही केली. पदाच्या जागी पेन थांबलं. मग चौथीतल्या त्या मोठ्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'बाईचा बाप'. तेराच्या पाढ्याला ढोसणाऱ्या मुलीनं ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. नियमानं त्याखाली मी सही करायची असते. माझे डोळे भरून आले होते, मला ती ओळच दिसेना.