सहाची बॅच, सातची बॅच

चार माणसं चटई पसरून वाकडीतिकडी व्हायला लागली, की किस्से आपोआप साठतात. चौलला आमच्या हॉलमध्ये तर योगाच्या दोन बॅच. सहाला सुमनताईंची, संथ. सत्तरीच्या या रिटायर्ड नर्स एकदा आसनात बसवलं की उठवायचं नावच काढत नाहीत. सातला केतनची, फास्ट. तो शनिवारी संध्याकाळी मांडव्याला बोटीतून उतरतो आणि रविवारी सकाळी तासाभरात आम्हाला पिळून काढतो. मी सातवाली. सहाच्या लोकांना आम्ही झोपाळू मंडळ म्हणायचो.

एकदा लवकर जाग आली म्हणून सहाला गेले. म्हटलं, आज आराम. ताईंनी सूर्यनमस्कार घालायला लावला. एकच! दहा मिनिटं चालला. केतनकडे पन्नास घालणारी मी, निम्म्यावर माझे पाय लटलटायला लागले. शेजारच्या आजोबांनी हळूच विचारलं, "झोप लागली का?"

केतनला सांगितलं तर तो हसला. पुढच्या रविवारी स्वतः सहाला येऊन मागे उभा राहिला. सात वाजता आमच्यासमोर आला तेव्हा शर्ट घामाने भिजलेला होता.

त्याच दिवशी ताईही सातला थांबल्या. वीस नमस्कार दणक्यात घातले आणि म्हणाल्या, "हे बरंय रे केतन. यात घाबरायला वेळच मिळत नाही." आणि आपल्या बॅचमधल्या नामदेवकडे बघितलं. "पुढच्या रविवारपासून दोन्ही बॅचला यायचं."

नामदेव सुपारी काढतो. खाली न उतरता या पोफळीवरून झोका घेऊन त्या पोफळीवर जाणारा माणूस. गेल्या वर्षी पडला. पाय जुळला, पण कमरेएवढं चढलं की हात थरथरायचे. "मला दुसरं काम येत न्हाय, ताई," एवढंच तो पहिल्या दिवशी बोलला होता. वृक्षासनात एका पायावर उभं राहतानासुद्धा श्वास कोंडून धरायचा. ताई वर्षभर एकच सांगत होत्या, "श्वास सोड, नामदेव."

यंदा सुपारी पिकली. नामदेव चढणार म्हणून दोन्ही बॅचेस वाडीत हजर. त्याने पायात दोरीचा फास अडकवला आणि चढायला लागला. इतका सावकाश, की केतन नखं खायला लागला. शेंड्याशी जाऊन नामदेव थांबला. थांबलाच. त्याची बायको पदर तोंडाशी धरून उभी होती.

मग पोफळ हलायला लागली. इकडे, तिकडे, अजून लांब. नामदेवने हात सोडला आणि आम्हाला कळेपर्यंत तो दुसऱ्या झाडावर होता. तिथून तिसऱ्या. तिथून चौथ्या. मी जन्मभर चौलला राहते, पण असं काही डोळे भरून कधी बघितलं नव्हतं.

चौथ्या पोफळीवरून त्याने खाली पाहिलं. आमच्यात ताई मूठ आवळून, लालबुंद होऊन उभ्या होत्या.

"ताई," तो वरून ओरडला, "श्वास सोडा!"