गावठाणातले ठिपके

ती घटना आजही आठवते ती एका उपरण्यामुळे.

नगर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या शेळ्या चोरीला जात होत्या. खबऱ्याने घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातल्या एका दलालाचं नाव दिलं. नुसत्या खबरीवर मी कुणाला उचलत नसे. पण त्याच आठवड्यात आमच्या महिला हवालदाराने संगणकातल्या तक्रारींचा तक्ता गावांच्या नकाशाशी जोडला. चोऱ्यांचे सगळे ठिपके एकाच गावठाणात गोळा झाले, आणि तिथेच दलालाचं घर. मला तो पुरावाच वाटला. भर बाजारातून त्याला गाडीत बसवलं.

दुपारपर्यंत उलटसुलट विचारलं. तो नाहीच म्हणत राहिला. शेवटी मी संगणकाचा पडदा त्याच्याकडे फिरवला. ठिपके नीट पाहून तो म्हणाला, "साहेब, आमच्या गावठाणात दावणच न्हाई. जनावरं समदी मळ्यात, वस्तीवर. हितं चोरायचं काय, देवळातली घंटा?"

हवालदार हसली. मला हसू आलं नाही, कारण तो बरोबर बोलत होता. आमच्याकडचा शेतकरी गावापासून दूर मळ्यात राहतो, पण पत्ता विचारला की गावाचं नाव सांगतो. तक्रारीत तेच उतरतं. संगणकाने ते नाव घेऊन ठिपका गावाच्या मधोमध ठेवला. त्याची चूक नव्हती, विचारणारे आम्हीच होतो. दलालाला मी तिथूनच घरी पाठवलं.

पंचनाम्यात मात्र जागेचा गट नंबर असतो. हवालदाराने जुने पंचनामे काढून प्रत्येक चोरीपुढे तो भरला आणि तक्ता भूमी अभिलेखच्या गटवार नकाशाशी पुन्हा जोडला. ठिपके गावठाणातून उठले आणि पाटाच्या रस्त्याला ओळीने जाऊन बसले. त्या रस्त्याने वस्त्यांवर नेमाने जाई तो पेंडीचा टेम्पो. ओळखीचा असल्याने कुत्रीही त्याच्यावर भुंकत नसत. जाताना भरलेला, येताना रिकामा, असा आमचा समज होता. आम्ही पाटावर पाळत ठेवली. परतणाऱ्या टेम्पोत रिकाम्या पोत्यांमागे दोन शेळ्या सापडल्या. चालकाने कबुली दिली. आमचा खबऱ्या त्याचा मेहुणा निघाला.

दलालाला बोलावून सांगितलं, तुमच्यावर आता काही नाही. तो खुर्चीतून उठला नाही. "लोकांदेखत नेलंत साहेब, लोकांदेखतच सोडा. दोन बाजार झाले, माझ्या उपरण्याखाली कोनी हात घातला न्हाई."

त्या बाजारात भाव बोलून ठरत नाही. उपरण्याखाली हात धरून, बोटं दाबून ठरतो. ज्याच्या हातावर विश्वास नाही, त्याचा धंदा बसला. मला लाज वाटली.

पुढच्या शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, वर्दीत तिथे गेलो आणि गर्दीसमोर त्याच्या उपरण्याखाली हात घातला. त्याने बोटं दाबली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी भाव ऐकल्यासारखी मान हलवली. हात सोडताना तो हळूच म्हणाला, "सौदा जमला न्हाई साहेब. पर लोकांनी बघितलं."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुठल्याही तक्रारदाराने गावाचं नाव सांगितलं, की मी पेन खाली ठेवून विचारत असे, "ते झालं. जनावर बांधलं होतं कुठं?"