खदानीतला चिरक

शेजारच्या बिल्डिंगचं ड्रिलिंग सुरू झालं की घरात दगडाच्या भुकटीचा वास येतो आणि मला शीळफाट्याची खदान आठवते.

मी तिथे खडी फोडायचे. तान्ही लेक सावलीत, झोळीत झोपलेली. एके दिवशी बाजूच्या दगडांच्या ढिगावर एक चिरक पक्षी, काळा, शेपटीखाली तांबडा, सारखा ओरडत होता. लेक उठेल म्हणून मी त्याला मारायला दगड उचलला. माझ्याबरोबरच्या पारूबाईने हात धरला.

"अगं बये, तो उगाच नाही बोंबलत. आधी बघ तरी!"

झोळीखाली नाग होता. लेकीला उचलून मी पळाले.

चिरक ओरडत होता ढिगातल्या स्वतःच्या पिल्लांसाठी, माझ्या लेकीसाठी नाही. तरी उपकार ते उपकारच. पिल्लं उडेपर्यंत मी तो ढीग फोडला नाही. मुकादम ओरडला. ओरडू दिलं.