भावजींची नवी गाडी

थोरले दीर वारले. त्यांना न्यायला गाडी दारात आली, पेट्रोलचा वास पसरला, आणि मला नौबादच्या घरापुढचा तो दिवस आठवला.

भावजी नवी गाडी घेऊन गाणगापूरला निघाले होते. "जागा न्हाई," म्हणत त्यांनी आत बसलेल्या माझ्या आईला सगळ्यांदेखत खाली उतरवलं. मग चावी फिरवली, तर नुसतं टक्. स्टार्टरची वायर ढिली झालेली. आमचे हे मेकॅनिक. आवाज ऐकूनच पाना घेऊन उठले. मी त्यांचा सदरा ओढला.

"कामून उठायलाव? ढकलू द्या त्यांला."

कडक इस्त्रीच्या धोतरात, घामाघूम होत, भावजी सडकेपर्यंत गाडी ढकलत गेले. आई तोंडाला पदर लावून हसली.

आज मीही तोंडाला पदर लावला. माझे खांदे हलताना बघून शेजारीण म्हणाली, "लई जीव व्हता हिचा भावजीवर."